पगार पंधरा डॉलर, आणि राहायचं कुठे?

१८६६ मध्ये अमेरिकन मिशनरी असोसिएशन या गुलामगिरीविरोधी धर्मप्रचारक संस्थेने, अमेरिकेच्या दक्षिणेत नुकत्याच गुलामीतून सुटलेल्या लोकांच्या शाळांत शिक्षक होऊ इच्छिणाऱ्यांसाठी, आपल्या मासिकात अटी छापल्या. वाचताना आधी हसू येतं. दक्षिणेत काहीतरी रोमांचक चाललंय म्हणून निघालेल्यांनी येऊ नये. पगारावर डोळा ठेवून येऊ नये. उत्तरेत ज्यांचं कुठेच बस्तान बसलं नाही, त्यांनी तर मुळीच येऊ नये. तब्येत ठणठणीत हवी. तंबाखू, अफू, दारू वर्ज्य. चिडका, विक्षिप्त किंवा फार उथळ स्वभाव चालायचा नाही. शिकवण्याचा अनुभव हवा. एवढं सगळं जुळलं, की शिक्षिकेला महिना साधारण १५ डॉलर, जाण्या-येण्याचा खर्च आणि राहणं-जेवण.

नंतर लक्षात येतं की ही यादी हवेतून आलेली नाही. तोवर चार-पाच वर्षं ही संस्था दक्षिणेत माणसं पाठवत होती. कुणी महिन्याभरात आजारी पडलं असेल, कुणी सहकाऱ्यांशी भांडून परतलं असेल. हे सगळे त्या अटींच्या आड उभे दिसतात. एवढा अनुभव गाठीशी असूनही अटींमध्ये सगळा भर माणूस कसा असावा यावर आहे. तो ज्या गावी जाणार ते गाव कसं असावं, याबद्दल जवळजवळ काही नाही. नुकत्याच गुलामीतून सुटलेल्या लोकांच्या शाळा जिथे चालल्या आणि जिथे बंद पडल्या, तिथली कारणं बघितली तर माझ्या मते निम्म्याहून जास्त उत्तर या न विचारलेल्या प्रश्नात आहे.

उत्तर आणि दक्षिणेत गुलामगिरीवरून झालेल्या यादवी युद्धाने (१८६१-६५) साधारण ४० लाख माणसं मुक्त झाली. दक्षिणेतल्या बऱ्याच राज्यांत गुलामांना लिहा-वाचायला शिकवणं हा गुन्हा होता, त्यामुळे साक्षर माणूस क्वचितच सापडे. भरती मात्र युद्ध संपायची वाट बघत बसली नाही. मे १८६१ मध्ये व्हर्जिनियातल्या फोर्ट मन्रोच्या छावणीत पळून आलेल्या गुलामांना उत्तरेच्या फौजेतल्या जनरल बटलर यांनी परत पाठवायला नकार दिला, आणि छावणीभोवती वस्ती वाढत गेली. सप्टेंबरात असोसिएशनने तिथे पहिला माणूस पाठवला, लुईस लॉकवूड. त्याने आल्या आल्या एक शहाणपणाची गोष्ट केली: शिक्षक कुठून आणायचा याचा घोळ न घालता, तिथेच राहणाऱ्या आणि आधीपासून लपूनछपून शिकवणाऱ्या मेरी पीक या स्वतंत्र कृष्णवर्णीय बाईंना शाळा सांभाळायला सांगितलं. ही शाळा १७ सप्टेंबरला सुरू झाली. मेरीबाईंना क्षय होता. पुढच्या फेब्रुवारीत त्या गेल्या. म्हणजे असोसिएशनची पहिली नेमणूक स्थानिक, कृष्णवर्णीय आणि आजारी बाईची होती. पुढे छापलेल्या प्रकृतीच्या अटीत ती बसली नसती.

दुसरी मोठी सुरुवात साउथ कॅरोलायनातल्या बेटांवर झाली. नोव्हेंबर १८६१ मध्ये उत्तरेच्या आरमाराने पोर्ट रॉयल घेतलं, मळेवाले पळाले आणि मागे सुमारे दहा हजार गुलाम व शेतात उभा कापूस राहिला. बॉस्टन, न्यूयॉर्क, फिलाडेल्फिया इथे घाईघाईने समित्या निघाल्या. ३ मार्च १८६२ रोजी 'अटलांटिक' नावाची आगबोट न्यूयॉर्कहून ५३ जणांना घेऊन निघाली, त्यांत बायका बारा. पगार समित्यांचा, बोटभाडं, शिधा आणि निवारा सरकारचा, अशी वाटणी ठरली होती. ही वाटणी पुढे वेगवेगळ्या रूपांत चालत राहिली. यातली घोडचूक अशी की या मंडळींना शिकवायचंही होतं आणि कापसाच्या मळ्यांवर देखरेखही करायची होती. सकाळी मजुरीचा हिशेब मागणारा माणूस दुपारी मुळाक्षरं शिकवायला आला, तर त्याच्याकडे कोणत्या नजरेने बघायचं हे लोकांनाही कळेना.

शार्लट फोर्टेन यांची गोष्ट याच बेटांवरची. फिलाडेल्फियाच्या प्रतिष्ठित कृष्णवर्णीय घराण्यातली मुलगी, सेलमला शिकलेली, शिकवण्याचा अनुभव असलेली. कागदावर याहून चांगला उमेदवार मिळणं कठीण. बॉस्टनच्या समितीने त्यांना ताटकळत ठेवलं. शेवटी फिलाडेल्फियाच्या समितीतून त्या ऑक्टोबर १८६२ मध्ये सेंट हेलेना बेटावर पोहोचल्या. लॉरा टाउन आणि एलन मरे यांनी तिथे शाळा आधीच सुरू केली होती. वर्ग विटांच्या चर्चमध्ये भरत, एकाच दालनात एका वेळी अनेक तुकड्या. आपला वर्ग शांत असला तरी शेजारचा नसे. मोठ्या मुली कडेवर भावंडं घेऊन येत. पुढे फिलाडेल्फियाहून सुटे भाग करून पाठवलेली लाकडी शाळा चर्चसमोर उभी राहिली, तेव्हा कुठे वर्ग वेगळे झाले. फोर्टेन मे १८६४ मध्ये प्रकृतीमुळे परतल्या. टाउन मात्र १९०१ मध्ये मरेपर्यंत तिथेच राहिल्या. सुरुवातीला तर त्या पगारही घेत नव्हत्या, हे इथे नोंदवायला हवं, कारण पगाराशिवाय राहू शकणारी माणसं घराची सुखवस्तू असावी लागतात. त्यांच्यावर शाळांचं जाळं उभं राहत नाही.

मार्च १८६५ मध्ये फ्रीडमेन्स ब्युरो, म्हणजे मुक्त झालेल्या लोकांसाठीचं केंद्र सरकारचं खातं, स्थापन झाला. प्रमुख जनरल ऑलिव्हर हॉवर्ड, शिक्षणाची जबाबदारी जॉन अल्वर्ड यांच्याकडे. ब्युरोची अडचण कायद्यात होती. इमारत दुरुस्त करता येई, भाडं देता येई, प्रवासाचा परवाना देता येई, पण शिक्षकाचा पगार देता येत नसे. मग अधिकाऱ्यांनी वाट काढली. गावकऱ्यांच्या मालकीच्या शाळेचं 'भाडं' ब्युरोने द्यायचं, आणि ते पैसे गावकऱ्यांनी शिक्षकाच्या पगारात घालायचे. ज्याने कधी सरकारी अनुदानाच्या शीर्षाशी झटापट केली आहे, त्याला हे समजावून सांगायला नको.

नेहमीचं सूत्र चार भागांत वाटलेलं असे. जागा गावातल्या मुक्त झालेल्या लोकांनी विकत घ्यायची आणि आपल्यातल्याच विश्वस्तांच्या नावावर करायची. लाकूडफाटा आणि बांधकामाला ब्युरोची मदत. शिक्षक आणि त्याचा पगार उत्तरेच्या संस्थेचा. जेवण आणि शक्य असेल तर खोली पुन्हा गावकऱ्यांची. चारांपैकी एक पाय लंगडा पडला की शाळा बसली. जागा नावावर झाली नसेल तर बांधकाम मंजूर होईना. इमारत झाली पण शिक्षक नाही, म्हणून कुलूप. शिक्षक आला पण जेवायची सोय नाही, म्हणून आठवड्यात परत.

अर्जापासून वर्गापर्यंतचा रस्ता साधारण असा होता. उमेदवार पत्र लिही: वय, प्रकृती, शिक्षण, अनुभव, कोणत्या चर्चचे सभासद. सोबत पाद्र्याचं आणि ओळखीच्या प्रतिष्ठिताचं शिफारसपत्र. असोसिएशन कट्टर धर्मप्रचारक असल्याने युनिटेरियन (येशूला देव न मानणाऱ्या उदारमतवादी ख्रिस्ती पंथाच्या) मंडळींना तिथे थारा नव्हता, ती दुसऱ्या, पंथनिरपेक्ष समित्यांकडे जात. निवड झाली की उत्तरेतलं एखादं चर्च किंवा गाव त्या शिक्षिकेचा पगार उचले, आणि बदल्यात तिने तिथे नियमित पत्रं पाठवायची. ही पत्रं मासिकात छापून पुढची वर्गणी गोळा होई. म्हणजे दिवसा वर्ग, रात्री मोठ्यांची शाळा, रविवारी बायबलची शाळा, आणि उरल्या वेळात देणगीदारांना हुरूप येईल असं लिखाण. पत्रांत मुलं नेहमीच झपाट्याने वाचायला शिकताना दिसतात याचं मला फारसं आश्चर्य वाटत नाही.

शरद ऋतूत प्रवास. बोटीने हिल्टन हेड, चार्ल्सटन, सव्हाना, किंवा रेल्वेने लुईव्हिल, नॅशव्हिल, अटलांटा. सरकारी परवाना असेपर्यंत भाडं लागत नसे. स्थानकावर उतरल्यावर खरी परीक्षा सुरू होई, कारण गोऱ्यांच्या घरात या शिक्षिकेला कुणी खोली देत नसे. दुकानदार उधार देत नसे. चर्चमध्ये शेजारी कुणी बसत नसे. म्हणून संस्थांनी शहरांत 'मिशन होम' काढली. एक मोठं घर भाड्याने, वर एक मेट्रन, सात-आठ शिक्षिका, एकत्र स्वयंपाक. सोय झाली, पण तिची किंमतही पडली. घर शहरात, म्हणून शाळा शहरात. नॅशव्हिल, अटलांटा, मेम्फिस, व्हिक्सबर्ग इथे वेगवेगळ्या पंथांच्या संस्था एकमेकींशी चढाओढ करत होत्या, आणि तीस मैलांवरच्या मळ्यांवर कुणी फिरकत नव्हतं. लोक तर बहुसंख्येने मळ्यांवर राहत होते.

आणि मिशन होममध्ये पंक्तिभेद होता. ब्लँच हॅरिस या ओबर्लिन महाविद्यालयाच्या कृष्णवर्णीय पदवीधर बाई १८६६ मध्ये मिसिसिपीतल्या नॅचेझला गेल्या. तिथल्या पर्यवेक्षकाने त्यांना सांगितलं की तुम्हाला मोलकरणींबरोबर खोलीत राहावं लागेल आणि पहिल्या पंगतीला बसता येणार नाही. सेरा स्टॅनली यांनी नॉरफोकच्या घरातल्या अशाच वागणुकीविरुद्ध असोसिएशनच्या कचेरीला थेट पत्रं लिहिली. गुलामगिरीविरुद्ध आयुष्य वेचलेल्या लोकांच्या घरात हे चालत होतं. पाहणी अहवालात असलं काही येत नाही. ते कळतं तक्रारीच्या पत्रांतून, आणि ती असोसिएशनच्या कागदपत्रांत आज न्यू ऑर्लीन्सच्या अमिस्टॅड संशोधन केंद्रात जपलेली आहेत.

ब्युरोने छापलेला शिक्षकाचा मासिक अहवाल हा माझा आवडता कागद. पट किती, सरासरी हजेरी किती, कायम हजर किती. मुळाक्षरांत किती, सोपे धडे वाचणारे किती, पुढचं वाचन, लेखन, भूगोल, अंकगणित, शिवणकाम किती. युद्धाआधीपासून स्वतंत्र असलेली मुलं किती. इमारत कुणाच्या मालकीची. शाळेचा खर्च संस्था चालवते की लोक. सगळ्यात शेवटी, शाळेबद्दल गावातलं जनमत कसं आहे. बाकी रकान्यांत आकडे येतात, पण या शेवटच्या रकान्यात कधी एखाद-दोन शब्द असतात. त्या शब्दांवर नेमणूक टिकणार की नाही हे ठरत होतं, आणि कचेरीत बेरजा मात्र वरच्या आकड्यांच्या होत.

'जनमत' म्हणजे काय याचा अंदाज मेम्फिसवरून यावा. मे १८६६ च्या पहिल्या तीन दिवसांत गोऱ्या जमावाने तिथे ४६ कृष्णवर्णीयांना मारलं आणि १२ शाळा जाळल्या. एडमोनिया हायगेट या न्यूयॉर्क राज्यातल्या कृष्णवर्णीय शिक्षिका लुइझियानातल्या लाफायेट भागात शिकवत होत्या. त्याच वर्षाच्या शेवटी त्यांनी कळवलं की खोलीत असताना आपल्यावर दोनदा गोळ्या झाडल्या गेल्या. कॅनडाहून आलेला शिक्षक विल्यम ल्यूक याला जुलै १८७० मध्ये अलाबामातल्या क्रॉस प्लेन्सला चार कृष्णवर्णीयांसोबत झाडाला लटकावण्यात आलं. अशा ठिकाणी रिकामी जागा भरायची, तर जाहिरातीत काय लिहिणार?

शिवाय वेळापत्रक चुकलेलं होतं, आणि माझ्या मते ही सगळ्यात कमी बोलली गेलेली चूक आहे. उत्तरेच्या शिक्षिका ऑक्टोबरात येत आणि हिवताप व उकाड्याच्या भीतीने जूनच्या आसपास घरी जात. शहरात हे चाललं. खेड्यात हंगाम कापसाचा. वऱ्हाड-खानदेशातल्या वाचकाला सांगायला नको की वेचणीच्या दिवसांत पोरं शाळेत नसतात. तिथे वेचणी सप्टेंबरपासून डिसेंबरपर्यंत चाले, वसंतात पेरणी, मग खुरपणी. मुलं मोकळी होत ती दोनदा: ऐन हिवाळ्यात, आणि पुन्हा शेवटची खुरपणी आटोपल्यावर जुलै-ऑगस्टमध्ये. म्हणजे उन्हाळ्यात पोरांना सवड मिळे नेमकी तेव्हा बाई गावी गेलेल्या असत. हजेरी का घसरते याचं स्पष्टीकरण पालकांच्या उदासीनतेत शोधण्याआधी पिकाचं वेळापत्रक बघायला हवं होतं.

दक्षिणेतल्या लोकांनी स्वतः काय केलं ते पाहिलं की चित्र बदलतं. डिसेंबर १८६४ मध्ये उत्तरेच्या जनरल शर्मनच्या फौजेने सव्हाना घेतलं. महिन्याभरात शहरातल्या कृष्णवर्णीय पुढाऱ्यांनी शिक्षण मंडळ स्थापलं, आपसांत वर्गणी काढली, उमेदवारांची परीक्षा घेतली आणि सगळे शिक्षक आपल्यातलेच नेमले. जागा मिळाली ती ब्रायन यांच्या गुलामांच्या बाजाराची इमारत. जिथे माणसं विकली जात, तिथे जानेवारीत मुलं पाट्या घेऊन बसली. मंडळाच्या शाळांत मिळून मुलं पाचशेच्या घरात होती. अल्वर्ड यांनी कौतुक केलं. असोसिएशनच्या प्रतिनिधीला मात्र वाटलं की सूत्रं गोऱ्या, प्रशिक्षित माणसांच्या हाती असावीत. पैसे असोसिएशनकडे होते, म्हणून हळूहळू तसंच झालं. मंडळाचे शिक्षक अर्धशिक्षित होते, यात खोटं काही नाही. पण ते सव्हानाचे होते, त्यांना खोली शोधावी लागत नव्हती आणि जूनमध्ये बोट पकडायची नव्हती.

याहून बोलकं उदाहरण नॉर्थ कॅरोलायनातल्या फायेटव्हिलचं. रॉबर्ट हॅरिस हा दक्षिणेत जन्मलेला, क्लीव्हलंडला गिलावा करणारा कृष्णवर्णीय कारागीर. १८६४ मध्ये त्याने असोसिएशनकडे अर्ज केला. अनुभवाच्या रकान्यात सांगण्यासारखं एवढंच, की तरुणपणी दक्षिणेत गुलामांना खासगीत शिकवलं होतं. म्हणजे त्या काळच्या कायद्याने गुन्हा. त्याला घेतलं, हे असोसिएशनच्या खात्यात जमा करायला हवं. काही काळ व्हर्जिनियात शिकवून तो फायेटव्हिलला आला. तिथे १८६७ मध्ये सात कृष्णवर्णीय गृहस्थांनी १३६ डॉलरमध्ये गिलेस्पी रस्त्यावर जागा घेतली आणि स्वतःचं विश्वस्त मंडळ केलं. ब्युरोने इमारत बांधून दिली, तिला हॉवर्ड यांचं नाव दिलं. आधी वेगळ्या चालणाऱ्या प्राथमिक आणि माध्यमिक शाळा एक झाल्या आणि हॅरिस मुख्याध्यापक. दहा वर्षांनी, १८७७ मध्ये, राज्याला कृष्णवर्णीय शिक्षक तयार करणारी नॉर्मल स्कूल हवी होती, तेव्हा हीच शाळा निवडली गेली. हॅरिस १८८० मध्ये मरेपर्यंत तिथेच होता. आजचं फायेटव्हिल राज्य विद्यापीठ ते हेच. चारही पाय जागेवर असले की काय होतं ते इथे दिसतं, आणि पहिला पाय गावाने विकत घेतलेल्या जमिनीचा होता.

जानेवारी १८६६ च्या पहिल्या अहवालात अल्वर्ड यांनी ७४० शाळा आणि १,३१४ शिक्षक मोजले होते. जुलै १८७० मध्ये दिवसाच्या आणि रात्रीच्या मिळून २,६७७ शाळा, ३,३०० शिक्षक आणि दीड लाखाच्या जवळ विद्यार्थी. अलीकडे संशोधकांनी पत्रं, अहवाल, पगारपत्रकं एकत्र करून १८६१ ते १८७६ मधल्या ११ हजारांहून जास्त शिक्षकांची नावनिशी जमवली आहे. त्यात न्यू इंग्लंडची तरुण, ध्येयवादी, गोरी शिक्षिका हे लोकप्रिय चित्र बरंच फिकं पडतं. एक तृतीयांशाहून अधिक शिक्षक कृष्णवर्णीय निघाले, आणि टिकलेही तेच जास्त. दक्षिणेतले गोरेही पुष्कळ होते. युद्धात सगळं गमावलेल्यांपैकी कित्येकांनी निव्वळ पगारासाठी ही नोकरी धरली. असोसिएशनच्या अटींनी नेमक्या याच हेतूला बंदी घातली होती. पोटासाठी शिकवणारा वाईटच शिकवतो असं मी धरून चालणार नाही, पण यांतले बरेच दुसरी सोय लागताच निघून गेले.

१८७० मध्ये ब्युरोचं शिक्षणकाम थांबलं, १८७२ मध्ये ब्युरोच बंद झाला. उत्तरेतली वर्गणी त्याआधीच आटू लागली होती. जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या गुलाममुक्तीसाठी झटलेल्या सदाचारी लोकांना अर्पण केली ती १८७३ मध्ये. पुण्यात ते कृतज्ञतेचे शब्द छापले जात होते, तेव्हा तिकडे त्या लोकांच्या उत्साहाला ओहोटी लागली होती. जोतीरावांना याची कितपत कल्पना होती कोण जाणे. समितीच्या वर्गणीवर शाळा चालवण्यातले हाल मात्र त्यांच्याइतके कुणाला ठाऊक असणार?

असोसिएशनने मग आपला पैसा प्राथमिक शाळांतून काढून शिक्षक घडवणाऱ्या संस्थांत घातला, आणि ते योग्यच केलं. नॅशव्हिलची फिस्क जानेवारी १८६६ मध्ये लष्करी इस्पितळाच्या जुन्या बराकींत सुरू झाली होती, टॅलाडेगा १८६७ मध्ये, हॅम्प्टन १८६८ मध्ये, टूगलू १८६९ मध्ये. आता उन्हाळ्याचं कोडं आपोआप सुटलं. या संस्थांतले विद्यार्थी उन्हाळ्यात खेड्यांत शिकवायला जात. त्यांना फीसाठी पैसे हवे असत, त्यांची सुट्टी आणि खेड्यातल्या पोरांची सवड एकाच वेळी येई. कुणी परिपत्रक न काढता ही भरती वर्षानुवर्षं चालली.

१८८६ मध्ये फिस्कचे विद्यार्थी, पुढे नामवंत कृष्णवर्णीय विचारवंत झालेले डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस असेच निघाले. आधी तालुक्याच्या शिक्षक-शिबिरात हजेरी लावून पात्रतेचा दाखला, मग टेनेसीच्या डोंगरांतून पायी, गावोगाव विचारत, शिक्षक मिळालाय का. बहुतेक ठिकाणी मिळालेला असे. अखेर एका वीस वर्षांच्या मुलीने आपल्या वस्तीवर जागा आहे असं सांगितलं. शाळा म्हणजे ओंडक्यांची खोली, आधी तिथे मक्याची साठवण होत असे. बाकांना पाठ नाही, आणि मास्तरांची खुर्ची घरमालकिणीची, म्हणून रोज संध्याकाळी परत न्यायची. शुक्रवारच्या रात्री मुक्काम बऱ्याचदा मुलांच्या घरी. मूल आठवडाभर आलं नाही की मास्तर घरी जाऊन विचारणार, आणि बहुतेकदा उत्तर शेतातल्या कामाचं. दोन उन्हाळे त्यांनी तिथे शिकवलं. १८८८ मध्ये पदवी घेऊन ते हार्वर्डला गेले, आणि त्या वस्तीला पुढच्या हंगामासाठी पुन्हा मास्तर शोधणं आलं.